पुढची डिस्क कोणती? चित्रपटसंग्राहकांचे अंदाज आणि मराठीचा कोरा रकाना

जुने चित्रपट जमवणाऱ्यांचा एक आवडता उद्योग असतो : पुढच्या काही महिन्यांत कोणता चित्रपट चांगल्या डिस्कवर निघणार याचे अंदाज बांधणे. या उद्योगाला खतपाणी घालणारी मुख्य संस्था म्हणजे अमेरिकेतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’. १९८४ साली ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ यांच्या लेझर डिस्कपासून तिने सुरुवात केली. आज तिच्या प्रत्येक प्रकाशनाच्या खोक्याच्या कडेला अनुक्रमांक असतो आणि महिन्याच्या मध्यावर ती साधारण तीन महिन्यांनंतरची यादी जाहीर करते. ती तारीख जवळ आली की जगभरचे संग्राहक तर्क लढवू लागतात. नववर्षाच्या एखाद्या चित्रकोड्यात संस्थेने आगामी चित्रपटांच्या खुणा लपवलेल्या असतात. त्यातली छत्री कोणाची आणि बोकड कुठला, यावरही गंभीर वाद झडतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा खेळ वाटेल, आणि काही अंशी तो तसा आहेही. अनुक्रमांकांत खंड नको म्हणून न आवडलेला चित्रपट विकत घेणारे लोक या छंदात आहेत. तरीही या अंदाजांची तपासणी समीक्षेच्या अंगाने केली पाहिजे असे मला वाटते. कारण चांगला अंदाज हा पुराव्यावर उभा असतो. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह कुठे आहे, तिची अवस्था काय, हक्क कोणाकडे आहेत, दुरुस्तीचा खर्च कोणी उचलला आणि दुरुस्त प्रत कोणत्या महोत्सवात दाखवली गेली, एवढे ठाऊक असेल तर अंदाज सहसा फारसा चुकत नाही.

अलीकडची दोन उदाहरणे घेऊ. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. मुंबईच्या ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ने त्याची दुरुस्ती केली आणि २०२४ साली तो कानच्या महोत्सवात अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला. चित्रासाठी पुण्याच्या संग्रहालयातील मूळ निगेटिव्ह वापरली आणि आवाज एका प्रदर्शन-प्रतीवरून घेतला, हेही जाहीर झाले. ‘शोले’ची दुरुस्त प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तीही १९७५ साली सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट परत जोडून. या दोन्ही चित्रपटांच्या डिस्कबद्दल कोणी अंदाज केला तर त्याच्या पायाखाली जमीन आहे.

मराठी चित्रपटांबद्दलच्या अंदाजांना अशी जमीन सापडत नाही. माझ्या पाहण्यातल्या याद्यांत मराठी नाव क्वचितच येते, आणि आले तरी ते इच्छा म्हणून येते, अंदाज म्हणून येत नाही. ‘संत तुकाराम’ निघायला हवा, ‘सामना’ निघायला हवा, ‘जैत रे जैत’ निघायला हवा. हवा म्हणणे सोपे आहे. का निघेल, कशावरून निघेल आणि कोण काढील, हे तीन रकाने कोरेच राहतात. मराठी चित्रपट दर्जात कमी पडले म्हणून हे रकाने कोरे आहेत, असे मला वाटत नाही. प्रत्येक चित्रपटाची कागदपत्रे, रिळे आणि हक्क यांची माहिती आपण सार्वजनिक ठेवली नाही, हे त्याचे कारण आहे.

आगीच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की हा फरक कळतो. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत भाजल्या. ऑस्करच्या संग्रहालयाने ते जळके डबे टाकून न देता जपून ठेवले. पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांतले जे वाचवता आले ते वाचवले गेले, उरलेले इतर प्रतींतून भरून काढले आणि २०१५ साली ‘क्रायटेरियन’ने तिन्ही चित्रपटांचा संच काढला. कोणता भाग कोठून आला, हे त्या निमित्ताने सांगितले गेले. दुसरी आग ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, म्हणजे जुन्या ‘प्रभात’च्या आवारात, नायट्रेट रिळांच्या कोठारात लागली. प्रभातच्या चित्रपटांच्या अभ्यासकाला तिच्याबद्दल विचारायचे असते ते एवढेच : अमुक चित्रपटाचे काय जळाले, त्याआधी त्याची सुरक्षित फिल्मवर प्रत निघाली होती का, आणि आज सर्वांत जवळची प्रत कितव्या पिढीची आहे? या प्रश्नांची चित्रपटागणिक उत्तरे कोणालाही सहज वाचता आली, तर अंदाज बांधणे आपोआप सुरू होईल.

माझ्या वर्धा जिल्ह्यात या छंदाचे रूप निराळे आहे. वितरणाच्या भाषेत आमचा भाग ‘सी. पी. बेरार’मध्ये मोडे, अमरावती आणि भुसावळ ही त्याची केंद्रे. मोठ्या शहरांत फिरून झालेली प्रत आर्वी-हिंगणघाटला आणि तिथून तंबूच्या टॉकीजमध्ये पोचेपर्यंत रीळ अनेकदा तुटलेले, कापून जोडलेले असे. पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि मग व्हीसीडी. २००७च्या सुमारास ‘मोझर बेअर’ने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा आठवडी बाजारातल्या दुकानांतही चित्रपट मिळू लागला. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटे. म्हणजे मध्यंतर कुठेही असो, चकती तिला वाटेल तिथे संपणार. चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का कायमचा बसलेला. अनेक मराठी चित्रपटांची सामान्य माणसाच्या हाती आलेली एकमेव प्रत हीच.

त्यामुळे आमच्याकडच्या संग्राहकांच्या गप्पा पुढच्या डिस्कपेक्षा हरवलेल्या दृश्यांभोवती जास्त फिरतात. ‘टॉकीजमध्ये हे दृश्य होतं, सीडीत काढून टाकलं,’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. या दाव्यांची तपासणी करता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि सेकंदाला २४ चित्रे जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, किंवा सुमारे २७.४ मीटर. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी लिहिलेली असते. समजा ती ४,००० मीटर आहे, तर चित्रपट १४६ मिनिटांचा. आता व्हीसीडी १४० मिनिटांची भरली म्हणून ६ मिनिटे कापली असे ओरडायचे कारण नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे जात असल्याने चित्रपट ४ टक्के लवकर संपतो, आणि ती ६ मिनिटे तिथे जातात. आवाजही किंचित चढा लागतो. मात्र तीच व्हीसीडी १२५ मिनिटांची निघाली तर संशयाला जागा आहे. प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल तर मंडळानेच काही भाग वगळायला लावला होता हे कळते, आणि काय वगळले याची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात सापडते. एवढे गणित केले की निम्म्या दंतकथा गळून पडतात आणि उरलेल्या निम्म्या अधिक मोलाच्या ठरतात. दुःख याचे की अनेक व्हीसीडींत हे प्रमाणपत्रच सुरुवातीला छाटलेले असते.

आता एका चित्रपटाचा विचार करू, जो याद्यांत अर्धाच येतो. व्ही. शांताराम यांनी १९४१ साली ‘शेजारी’ मराठीत आणि ‘पडोसी’ हिंदीत केला. दोन मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. गावात येऊ घातलेले धरण आणि त्यापायी पेटवलेले वैर. मिर्झाची भूमिका दोन्हींत गजानन जागीरदारांनी केली. त्याचा हिंदू मित्र मराठीत केशवराव दात्यांनी रंगवला, हिंदीत मझहर खान यांनी. म्हणजे हिंदीत हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. मराठीत या अदलाबदलीची एकच बाजू राहते. चित्रपटाचा विषय काय आहे हे लक्षात घेतले, तर दोन्ही रूपे एकापाठोपाठ पाहिल्याशिवाय शांतारामांच्या पात्रनिवडीबद्दल बोलताच येणार नाही. दाते नाटकाच्या परंपरेतून आलेले, त्यांच्या शब्दफेकीचे वजन वेगळे. त्यांच्यासमोरचे जागीरदार आणि मझहर खान यांच्यासमोरचे जागीरदार एकसारखेच वागतात का? हा शुद्ध समीक्षेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही चित्रपट एका खोक्यात मिळण्यावर अवलंबून आहे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९) यांचेही तेच. अंदाज करणारे हिंदी नाव लिहितात, कारण तेच त्यांच्या संदर्भग्रंथांत असते. मराठी रूपाची मागणी मराठी माणसाने नोंदवली नाही तर ती दुसरे कोण नोंदवणार?

यावर नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे ‘हक्कांची भानगड’. जुन्या चित्रपटांपुरते ते अपुरे आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. या हिशेबाने ‘संत तुकाराम’ (१९३६) १९९६ अखेर मोकळा झाला, ‘शेजारी’ २००१ अखेर आणि अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) २०१३ अखेर. ‘पिंजरा’ला (१९७२) मात्र २०३२ संपेपर्यंत थांबावे लागेल. मूळ कादंबरी किंवा गीते यांचे हक्क लेखकाच्या आयुष्याशी बांधलेले असल्याने ते वेगळे तपासावे लागतात, हे खरे. पण खरी अडचण उलट बाजूने येते. चित्रपट मोकळा झाला की कोणीही खराब प्रतीवरून स्वस्त चकती काढू शकतो. मग लाखो रुपये घालून दुरुस्ती करणाऱ्याने ते वसूल कसे करायचे? म्हणून अशा चित्रपटांचा अंदाज करताना हक्कदार शोधण्यापेक्षा चांगली प्रत कोणाच्या कपाटात आहे आणि तो ती देईल का, हे शोधावे लागते. सरकारी योजनेत आशा आहे ती याचसाठी. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली सुमारे २,२०० चित्रपट दुरुस्त करण्याची घोषणा २०२२ साली झाली. त्याच वर्षी पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. दुरुस्त झालेल्या मराठी चित्रपटांची यादी, कोणत्या प्रतीवरून दुरुस्ती केली या तपशिलासह, दरवर्षी छापली गेली तर तेवढ्याने कितीतरी काम होईल.

दुरुस्त चित्र हाती आल्यावरही निम्मे काम उरते. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातले बीज आणि वृक्षाचे प्रसिद्ध पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले, पण ते तुकोबांचेच म्हणून जाणकारांनीही धरले होते. उपशीर्षके लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो आठवल्यांची ओळ संताच्या नावावर खपवेल आणि परदेशी समीक्षक त्यावर प्रबंध लिहील. सोबतची पुस्तिका, टिपा, दोन्ही प्रकारच्या पदांचा फरक सांगणारी प्रस्तावना, हे सगळे आपणच तयार करायला हवे, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या घोषणेची वाट पाहण्याची गरज नाही.

जुन्याबद्दल एवढे बोलताना जवळचे निसटते. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा. विदर्भातला कापूस शेतकरी, शेजारच्या घरातली आत्महत्या, आणि आपला नवराही तसेच करील या धास्तीने त्याच्यावर सतत नजर ठेवणारी बायको. रॉटरडॅमच्या महोत्सवापर्यंत गेलेला हा चित्रपट आमच्या वऱ्हाडी बोलीत बोलतो. देवळी-पुलगावच्या माणसाला त्यातला विनोद आणि त्याखालची भीती एका दमात कळते. पुढे कोणी चांगली डिस्क काढलीच, तर त्या बोलीतले शब्द नीट ऐकून लिहून ठेवणारा, मोट, वखर, फवारणी यांच्या मागचे आयुष्य सांगणारा कोणीतरी लागेल. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी आपण ज्या नोंदी शोधत फिरतो, त्या याच्या बाबतीत आज करता येतात, कारण तो करणारी माणसे आपल्यात आहेत.

संग्राहकांना माझे सांगणे एवढेच. इच्छायादी करण्यात जाणारा वेळ नोंदवहीत घालावा. आपल्याजवळ असलेल्या प्रत्येक मराठी व्हीसीडी, डीव्हीडी, कॅसेटची मिनिटे मोजावीत. प्रमाणपत्र दिसत असेल तर त्यावरील लांबी, रिळे आणि त्रिकोण लिहून घ्यावा. चित्र कडेने कापले आहे का, गाणे गळले आहे का, श्रेयनामावली पूर्ण आहे का, ते नोंदवावे. जुन्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, टॉकीजचे हस्तपत्रक यांतून मूळ लांबी आणि श्रेये ताडून पाहावीत. दहा जिल्ह्यांतल्या दहा माणसांनी हे काम केले तरी एकेका चित्रपटाच्या तीन-चार प्रती शेजारी ठेवता येतील आणि सर्वांत पूर्ण कोणती हे ठरवता येईल. उद्या पुण्यातले, मुंबईतले किंवा बोलोन्यातले कोणी विचारायला आले, तर त्यांच्या हातात द्यायला आपल्याकडे कागद असेल.