गोधडी आणि तिचे टीकाकार

अमेरिकेच्या दक्षिण भागांत आलाबामा राज्यामध्यें गीज् बेंड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. आलाबामा नदीनें त्याला तीन बाजूंनीं विळखा घातला आहे, त्यामुळें तें जवळजवळ बेटासारखेंच झालें आहे. ह्या खेड्यांतील कृष्णवर्णी स्त्रियांनीं जुन्यापान्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ सालीं प्रथम ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत व त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भिंतींवर टांगण्यांत आल्या. तेव्हांपासून त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें आहे, तें त्या गोधड्यांइतकेंच विचार करण्याजोगें आहे. न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकाच्या कलासमीक्षकानें तर त्यांना मातीस आणि क्ले ह्या चित्रकारांच्या पंक्तीस नेऊन बसविलें. ही स्तुति वाचून आम्हांस आनंद झाला, परंतु समाधान झालें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशीं आजीच्या हातची एखादी गोधडी अजून असेल. तिच्याकडे चित्र म्हणून पाहावें, असें आपणांपैकीं क्वचितच कोणास सुचलें असेल. पण लुगड्याचा पदर कोठें, धोतराचा कांठ कोठें, आत्याच्या परकराचा तुकडा कोठें, हें ओळखण्यांत घरांतील लहानथोर रमत असत. गोधडी ही पाहण्याच्या आधीं वाचण्याची वस्तु होती. ह्या अनुभवाची शिदोरी बरोबर असल्यामुळें, गीज् बेंडच्या गोधड्यांचीं चित्रें पाहतांना अमेरिकन टीकाकारांपेक्षां आपण थोडे निराळ्या जागीं उभे असतों, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आधीं त्या गांवाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १८१६ सालीं जोसेफ गी नांवाच्या जमीनदारानें येथें कापसाचा मळा घातला. त्याचेंच नांव नदीच्या वळणास चिकटलें. १८४५ मध्यें तो मळा मार्क पेटवे ह्याच्या हातीं गेला, आणि त्यानें आपले गुलाम नॉर्थ कॅरोलिनापासून पायीं चालवीत आणले. पुढें गुलामगिरी संपली. जमीन मात्र कसणाऱ्याची झाली नाहीं, आणि धन्याचें आडनांव तेवढें मागें राहिलें. आज संग्रहालयांतील पाट्यांवर पेटवे हें आडनांव पुनःपुन्हां आढळतें, त्याचें कारण हें आहे. १९३२ मध्यें एक व्यापारी सावकार वारला, व त्याच्या वारसांनीं कर्जापोटीं गांवकऱ्यांचीं जनावरें, अवजारें आणि सांठविलेलें धान्यसुद्धां उचलून नेलें. १९३७ सालीं सरकारच्या वतीनें आर्थर रॉथस्टाइन ह्यानें गांवांत जाऊन छायाचित्रें घेतलीं. वारा आंत येऊं नये म्हणून भिंतींना वर्तमानपत्रांचे कागद चिकटविलेले त्यांत दिसतात. आणि एका चित्रांत जोरेना पेटवे गोधडी शिवतांना दिसते. अशा घरांत थंडीच्या रात्रीं गोधडीवर गोधडी घालावी लागे. कलेचा प्रश्न त्यानंतरचा.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. गोधडीचीं कामें दोन. वरच्या बाजूचे तुकडे जोडून तिचा चेहरा तयार करणें हें एक, आणि तो चेहरा, मधला कापूस व खालचें अस्तर हे तिन्ही थर टांके घालून एकजीव करणें हें दुसरें. गीज् बेंडमध्यें पहिलें काम प्रत्येक बाई बहुधा आपल्या घरीं, आपल्या मनानें व एकटीच करी. दुसऱ्या कामासाठीं लांकडी चौकटीवर गोधडी ताणीत आणि शेजारणी, बहिणी, मुली तिच्याभोंवतीं बसून भजनें गात टांके घालीत. टीकाकारांनीं जें वाखाणलें तें सगळें पहिल्या कामाचें आहे. रंगाशेजारीं रंग कसा आला, सरळ रेघ मध्येंच कोठें हेलकावली, चौकोनांत चौकोन बसवून केलेल्या 'हाउसटॉप' नांवाच्या रचनेंत एकीचें वळण दुसरीहून किती वेगळें, हें सर्व त्यांनीं बारकाईनें टिपलें आहे, व तें यथार्थही आहे. पण जिच्यामुळें गोधडी गोधडी होते, ती टांक्यांची ओळ भिंतीपासून दहा हातांवर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकास दिसत नाहीं, आणि छायाचित्रांत तर ती जवळजवळ पुसूनच जाते. परिणाम असा झाला कीं, एकटीच्या कामास नांव मिळालें आणि मंडळीच्या कामास तें मिळालें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, टांका हें नुसतें कष्टाचें काम, त्यांत प्रतिभा ती कोठची? आमच्याकडे ज्यांनीं गोधडी शिवतांना पाहिली आहे ते असें म्हणणार नाहींत. आपल्याकडे चौकट नाहीं; जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून बायका कांठाकडून मध्याकडे धांवदोरा घालीत सरकत जातात. हात सैल पडला तर थर आंत गोळा होतात, फार ओढला तर गोधडी चुणीदार होऊन ताठ बसते. चार जणींचे चार हात असूनही टांक्यांची चाल एकच राहावी, ह्यासाठीं एकमेकींचा अंदाज लागतो. आणि तो अंदाज बोलून येत नाहीं, शेजारीं बसून येतो. उत्तर कानड्यांतील सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले, त्यांच्या स्त्रिया अशाच रीतीनें 'कवंदी' शिवतात व तिच्या कोपऱ्यांना घडीचें 'फूल' लावल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. ह्या फुलाचा उबेशीं कांहीं संबंध नाहीं. गरजेनें जन्मलेल्या वस्तूंत गरजेपलीकडचें कांहीं असूं शकतें, हें मान्य करण्यास मातीसची साक्ष काढावी लागूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

मात्र ह्याच्या उलट टोंकास जाणारेही कांहीं आहेत. त्यांच्या मतें गोधडी संग्रहालयांत नेणें हाच तिचा अपमान. ती अंथरुणांतच शोभते. हें मत ऐकावयास फार गोड आहे, परंतु तें आम्हांस मान्य नाहीं. ज्यांची वस्तु आहे त्यांनीं ती कायम अंगावरच घ्यावी व आपण तिच्या साधेपणाचें कौतुक करीत बसावें, ह्यांत एक प्रकारचा सुखवस्तु मनुष्याचा आळस आहे. मिझूरी पेटवे ह्या बाईनें १९४२ सालीं केलेली गोधडी घ्या. नवरा वारल्यावर त्याचे शेतांत घालावयाचे कपडे फाडून तिनें ती शिवली. मुलगी आर्लोन्झिया हाताशीं होती. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखालीं निजावें, हा आईचा हेतु मुलीनें पुढें सांगितला आहे. विटलेला निळा, मातकट करडा, आणि जेथें खिसा उसवून काढला तेवढ्याच जागीं टिकलेला मूळचा गडद रंग! २०२० सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेनें ती आपल्या संग्रहांत घेतली. ती तेथें गेली म्हणून त्या बाईचें दुःख कांहीं उणें झालें नाहीं. उलट तिचें नांव आज आम्ही येथें लिहीत आहों.

समाज बांधण्याची गोष्ट निघाली म्हणजे १९६६ सालीं स्थापन झालेल्या 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ह्या सहकारी मंडळीचा उल्लेख केल्यावांचून गत्यंतर नाहीं. मतदारांच्या यादींत नांव घालावयास गेल्याबद्दल तेव्हां त्या भागांत लोकांचीं घरें व कामें जात होतीं. नदीपलीकडील कॅमडेन ह्या तालुक्याच्या गांवीं नांव नोंदविण्यास जाणाऱ्यांची सोय करणारी नाव १९६२ मध्यें बंदच करण्यांत आली, व ती पुन्हां सुरू झाली २००६ सालीं. फ्रान्सिस वॉल्टर नांवाच्या पाद्र्यानें ह्या बायकांच्या गोधड्या न्यूयॉर्कला लिलावांत विकून दाखविल्या, आणि त्यांतून मंडळी उभी राहिली. पुढें मोठमोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. त्याबरोबर एक अट आली: प्रत्येक नग सारखा हवा. ज्या बायकांनीं आयुष्यांत एकसारख्या दोन गोधड्या केल्या नव्हत्या, त्यांना मापानें व नमुन्याबरहुकूम शिवावें लागलें. पुष्कळ टीकाकार ह्या कालखंडाकडे नाक मुरडून पाहतात. आम्हांस तसें करवत नाहीं. त्या नमुनेदार कामावर बायकांच्या हातीं स्वतःचा पैसा आला, व १९६९ मध्यें मंडळीची स्वतःची शिवणाची इमारत उभी राहिली. आणि गंमत अशी कीं, १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठीं कॉर्डुरॉय कापडाचे अभ्रे शिवतांना ज्या चिंध्या उरल्या, त्या घरीं नेऊन ह्याच स्त्रियांनीं आपल्या मनाच्या ज्या गोधड्या केल्या, त्यांतील कांहीं आज संग्रहालयांचें भूषण झाल्या आहेत. दिवसा सारखें शिवणें आणि रात्रीं आपलें शिवणें ह्यांत एकानें दुसऱ्याचा घात केला, असें निदान ह्या पुराव्यावरून दिसत नाहीं. ती मंडळी २०१२ मध्यें बंद झाली.

राहिला हिशेबाचा प्रश्न. २००३ सालीं गांवांतील स्त्रियांनीं आपली निराळी संस्था काढली. २००६ सालीं सरकारनें ह्या गोधड्यांचीं दहा टपालतिकिटें काढलीं, आणि २००७ मध्यें त्यांतल्याच कांहीं स्त्रिया मोबदल्याच्या व हक्काच्या तक्रारी घेऊन न्यायालयांत गेल्या. पुढच्या वर्षीं ते दावे मिटले. कोणाची बाजू खरी होती, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण ह्या प्रकरणांत एक तात्त्विक गुंता आहे, व तो टीकाकारांच्या दृष्टीआड झाला आहे. चित्राला एक कर्ता असतो, म्हणून कायद्यास त्याचा हक्क ठरवितां येतो. गोधडीचा चेहरा एकीचा, टांके पांच जणींचे, आणि 'हाउसटॉप'ची मूळ रचना तर गांवांत पिढ्यांपिढ्या चालत आलेली. ॲनी मे यंग हिनें १९७६ मध्यें जुन्या कामाच्या कपड्यांचे व कॉर्डुरॉयचे पट्टे जोडून केलेली गोधडी तिचीच आहे, ह्यांत शंका नाहीं. तसे लाल-पिवळे पट्टे दुसरीस सुचते ना. तरी पण तो धीटपणा तिच्यांत कोठून आला हें विचारूं गेलें तर उत्तर तिच्या एकटीच्या घरांत सांपडत नाहीं. दोरीवर वाळत घातलेल्या शेजारणींच्या गोधड्या येतांजातां पाहूनच तिची नजर तयार झाली असली पाहिजे.

म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. आमच्या पाहण्यांत आलेल्या चित्रांत ह्या गोधड्यांची उलट बाजू क्वचितच दिसली. त्या बाजूस रंगांची करामत नसते. अस्तर बहुधा साधेंच, कधीं पिठाच्या पोत्याचें. परंतु टांक्यांच्या ओळी तेथें उघड्या दिसतात, आणि एक हात कोठें थांबला व दुसरा कोठून सुरू झाला हें जाणत्या बाईस ओळखतां येतें. पुढील प्रदर्शन भरविणाऱ्यांनीं दोनचार गोधड्या तरी भिंतीपासून सोडवून मधोमध टांगाव्या, म्हणजे प्रेक्षकांस मागें जाऊन पाहतां येईल.