‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ : समाजमाध्यमांवरील स्त्रीहक्क मोहिमेतील सहभागाची चिकित्सा

प्रस्तावना :
स्त्रीच्या देहावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून केवळ स्त्रीलाच दोषी ठरविणाऱ्या समाजाला जाब विचारला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांवर निर्भीडपणे लिहिले आणि त्यापायी खटलेही सोसले. समाजमाध्यमांवरील आजच्या मोहिमा या परंपरेत कोठे बसतात आणि त्यांतील ‘सहभाग’ म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ या मोहिमेच्या आधारे केला आहे.

मोहिमेची पार्श्वभूमी :
कंजारभाट समाजात विवाहाच्या रात्री नववधूची कौमार्य चाचणी घेण्याची प्रथा जातपंचायतीच्या धाकाने चालत आली. पांढऱ्या चादरीवरील रक्ताचा डाग हा पुरावा, आणि त्यावर निवाडा पंचांचा. या प्रथेविरुद्ध समाजातीलच तरुणांनी २०१७ मध्ये व्हॉट्सॲप व फेसबुकवरून आवाज उठविला. अंबरनाथचे रहिवासी विवेक तमायचीकर हे त्यांतील प्रमुख होत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला होता, तर जुलैपासून राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा अमलात आला होता. मोहिमेला वैचारिक व कायदेशीर आधार असा जवळजवळ एकाच वेळी लाभला.

नावाची आणि भाषेची चिकित्सा :
मोहिमेच्या नावातच तिचा पेच दडलेला आहे. ज्या शब्दाविरुद्ध लढा आहे, तो शब्द नावात पूर्ण उच्चारलेला नाही. ‘व्ही’ या एका अक्षरावर भागविले आहे. यात संकोच आहे, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या गटात भाऊ, बहीण, चुलते एकत्र आहेत, तेथे हे आद्याक्षरच बोलण्याचे दार उघडते, हेही तितकेच खरे. उलट पंचायतीच्या भाषेला संकोच नाही. वराला ‘माल खरा की खोटा’ अशा आशयाचा प्रश्न पंचांसमोर विचारला जातो, हे या मोहिमेमुळे बाहेरच्या वाचकांना कळले. ‘माल’ या शब्दात वधूचे वस्तूत झालेले रूपांतर पूर्णपणे व्यक्त होते. आपण सुशिक्षित वापरतो तो ‘चाचणी’ हा शब्दही निर्दोष नव्हे. तो प्रथेला शास्त्रीयतेचा आभास देतो. वस्तुतः अशा तपासणीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

सहभाग आणि त्याची किंमत :
प्रस्तुत लेखक शहाडमध्ये राहतो. २०१८ मध्ये या मोहिमेचे संदेश त्याने स्वतः पुढे पाठविले, वर्गातही त्यांचा उल्लेख केला. त्याला त्यासाठी काहीही मोजावे लागले नाही. ज्यांच्या समाजात ही प्रथा होती, त्यांची स्थिती मात्र वेगळी होती. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरी येथील भाटनगरात एका लग्नसमारंभात मोहिमेतील तरुणांना मारहाण झाली. त्याच वर्षीच्या नवरात्रात तमायचीकर यांच्या पत्नीला दांडियात सहभागी होण्यापासून रोखल्याची तक्रार झाली. मे २०१९ मध्ये तमायचीकर यांच्या आजीच्या अंत्यविधीस कोणी जाऊ नये, असे फर्मान पंचायतीने काढल्याची तक्रार अंबरनाथ पोलिसांकडे दाखल झाली व बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला. शहाडपासून काही मैलांवर हे घडत होते, आणि आम्हांस ते वर्तमानपत्रातून कळले. संदेश पुढे पाठविणारा आणि खांदेकऱ्यांवाचून तिरडीपाशी उभे राहण्याची वेळ ज्याच्यावर आणली जाते तो, या दोघांनाही ‘सहभागी’ हा एकच शब्द लावणे अन्यायाचे आहे.

मोहिमेच्या मर्यादा :
पहिली मर्यादा आवाजाची. ज्या वधूंनी ही परीक्षा भोगली, त्यांपैकी फार थोड्यांना स्वतःच्या नावाने बोलता आले. बाहेर ऐकू आला तो बहुतांशी शिकलेल्या तरुण पिढीचा आवाज. तथापि हा दोष मोहिमेपेक्षा बोलणारीला वाळीत टाकणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे. दुसरी मर्यादा वाचकांची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, अशा विमुक्त समाजांपैकी हा एक. त्याच्या एका प्रथेवरील टीका इतरांच्या हाती पडताच ‘ते लोक असेच’ या जुन्या पूर्वग्रहाला खतपाणी मिळते. चादर न अंथरताही वधूच्या ‘चारित्र्याची’ चौकशी करणारी घरे सर्वच जातींत आहेत. इतकेच नव्हे, तर अत्याचारपीडितेच्या तपासणीतील ‘टू फिंगर टेस्ट’ रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१३ नंतर २०२२ मध्ये पुन्हा खडसवावे लागले. तेथे पंच नव्हते. पदवीधर डॉक्टर होते.

समारोप :
फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणीची सक्ती लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानून कारवाई करण्याचे जाहीर केले. एका व्हॉट्सॲप गटातील चर्चा शासनापर्यंत पोहोचली, हे या मोहिमेचे निर्विवाद यश होय. मात्र त्या यशाचे श्रेय माध्यमाला देणे चुकीचे ठरेल. माध्यमाने आवाज दूरवर नेला. परिणाम सोसले ते माणसांनी. कर्वे यांच्या काळी लेखकाचे नाव मासिकावर छापलेले असे आणि समन्सही त्याच नावाने येई. पडद्यावरील सहभागात नाव आणि जबाबदारी यांची ही सांगड सुटते. म्हणून महाविद्यालयांतून अशा मोहिमा राबविताना किती विद्यार्थ्यांनी संदेश पाठविला, याची नोंद पुरेशी नाही. आपल्याच वर्गातील एखादी मुलगी उद्या ‘नाही’ म्हणाली, तर तिच्या बाजूने कोण उभे राहील, हे विचारले पाहिजे. त्या यादीत पहिले नाव अध्यापकाचे असावे.