समाधान, असमाधान आणि कर्ता

हर्झबर्ग, मॉस्नर व स्नायडरमन यांचा ‘द मोटिव्हेशन टू वर्क’ (१९५९) हा ग्रंथ पिट्सबर्ग परिसरातील २०३ अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर उभा आहे. यश, मान्यता, जबाबदारी यांतून नोकरीत समाधान उपजते; वेतन, देखरेख, धोरण यांतील उणिवांतून असमाधान; सबब समाधानाचा अभाव म्हणजे असमाधान नव्हे, असे त्याचे प्रतिपादन. परंतु पुरावा आहे तो निवेदनांचा. सुखाच्या कथनात मनुष्य स्वतःस कर्ता करतो, दुःखाच्या कथनात परिस्थितीस. व्रूम यांनी १९६४ मध्ये याच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता. हे द्वैत मनाचे की कथनाचे, हे केवळ मुलाखतींवरून ठरत नाही. त्याच्या आधारे वेतनवाढीची मागणी गौण लेखणे म्हणूनच अनुचित होय.