पुराव्याआधीचे शतक : अठराव्या शतकातील रहस्यकादंबरी

अठराव्या शतकात घडणारी रहस्यकादंबरी मुळातच एका विसंगतीवर उभी असते. त्या काळातल्या लंडन-पॅरिसमध्ये न्यायालये होती, वर्तमानपत्रे होती, शवविच्छेदन करणारे शल्यविशारद होते. गुन्हा सिद्ध करण्याची खात्रीची साधने मात्र नव्हती. शवातले आर्सेनिक ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ साली आली आणि बोटांचे ठसे त्याहूनही बरेच नंतर. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले. तोवर चोर पकडणे हा मुख्यतः खासगी धंदा होता. आरोपीला शिक्षा झाली की पकडणाऱ्याला बक्षीस मिळे, त्यामुळे खोटी साक्षही किफायतीची ठरे. जोनाथन वाइल्ड चोरांची टोळी चालवी आणि चोर पकडूनही देई. १७२५ मध्ये तो लंडनच्या टायबर्नला फासावर गेला. पॅरिसला १६६७ पासून पोलीसप्रमुख होता, पण तिथे कबुलीजबाबासाठी छळ करणे कायदेशीर होते.

गुप्तहेरकथा हा प्रकार सर्वसाधारणपणे एडगर अ‍ॅलन पो याच्या १८४१ मधील कथेपासून मोजला जातो. म्हणजे पुढच्या शतकाचा नायक मागच्या शतकात नेऊन बसवायचा, ही या कादंबरीची पहिली अडचण. तपास करणारा माणूस तपास का करतो आणि कोणत्या अधिकाराने करतो, या प्रश्नाला लेखक काय उत्तर देतो यावरच कादंबरीचा कस लागतो.

सुरुवातीचे उत्तर सोपे होते : नायक म्हणून प्रसिद्ध व्यक्तीच घ्यायची. लिलियन द ला टोरे या अमेरिकी लेखिकेने १९४० च्या दशकात कोशकार सॅम्युएल जॉन्सनला गुप्तहेर केले आणि त्याचा चरित्रकार बॉसवेल याला निवेदक. चरित्रकार आयताच सोबत असल्याने ही जोडी सहज जमली. मात्र या कथांचा आनंद मुख्यतः बॉसवेलच्या शैलीच्या नकलेत आहे.

दुसरे उत्तर अधिकारपदाचे. कादंबरीकार हेन्री फील्डिंग न्यायदंडाधिकारी होता. १७४९ च्या सुमारास त्याने लंडनच्या बो स्ट्रीटवर तपासनिसांची छोटी तुकडी उभारली आणि त्याचा अंध सावत्रभाऊ जॉन याने ती पुढे वाढवली. ब्रूस अलेक्झांडरने ‘ब्लाइंड जस्टिस’ (१९९४) पासून याच सर जॉनला नायक केले. पाहू न शकणारा न्यायाधीश फक्त ऐकून सत्य शोधतो, ही कल्पना साक्षीवर चालणाऱ्या न्यायाला चपखल बसते. फ्रेंच मुत्सद्दी झाँ-फ्राँस्वा पारो याने २००० पासून चौदा कादंबऱ्यांत निकोला ल फ्लॉक हा शातले या पॅरिसच्या न्याय-पोलीस कचेरीतला अधिकारी उभा केला. तो पोलीसप्रमुख सार्तीनच्या हाताखाली काम करतो आणि शवपरीक्षेला चक्क जल्लाद सांसोची मदत घेतो. पॅरिसचे रस्ते, स्वयंपाकघरे आणि दरबारी कारस्थाने पारो तपशिलात रंगवतो. नायकाची राजनिष्ठा आणि व्यवस्थेची क्रूरता यांतला ताण हे या मालिकेचे बळ. वर्णनांच्या ओझ्याखाली रहस्य मंदावते, ही तिची उणीव.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र तपास अधिकार नसलेल्यांच्या हाती गेला, आणि कलेची खरी प्रगती इथेच दिसते. डेव्हिड लिसच्या ‘अ कॉन्स्पिरसी ऑफ पेपर’ (२०००) मध्ये माजी मुष्टियोद्धा असलेला ज्यू नायक वडिलांच्या मृत्यूचा शोध घेत शेअर बाजारात शिरतो. पार्श्वभूमीला १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर-फुगवट्याची चाहूल आहे. अँटोनिया हॉजसनच्या ‘द डेव्हिल इन द मार्शलसी’ (२०१४) चा नायक १७२७ मधल्या कर्जदारांच्या तुरुंगात आहे. पैसेवाल्या कैद्यांचा भाग वेगळा, कंगालांचा वेगळा. खुनी शोधणे ही त्याच्यासाठी जगण्या-सुटण्याची बाब आहे. लॉरा शेफर्ड-रॉबिन्सनची ‘ब्लड अँड शुगर’ (२०१९) १७८१ च्या डेप्टफर्ड बंदरात एका खुनापासून गुलामांच्या व्यापारापर्यंत पोहोचते. इथे मोठा गुन्हा कायद्याच्या चौकटीतच घडतो, त्यामुळे खुनी सापडला तरी न्याय पुरा होत नाही. स्वीडिश लेखक निक्लास नात ओ दाग याच्या ‘१७९३’ (२०१७) मध्ये क्षयाने मरणपंथाला लागलेला वकील आणि एक हात गमावलेला सैनिक स्टॉकहोमच्या तळ्यात सापडलेल्या छिन्नविच्छिन्न देहाचा माग काढतात. राजा तिसरा गुस्ताव याच्या खुनाला तेव्हा वर्षाहून थोडा अधिक काळ झालेला असतो. भय आणि कुजकेपणा इथे कथेचा भाग आहे, पण हिंसेचे तपशील काही ठिकाणी गरजेपेक्षा लांबतात.

या प्रकाराचे ठरीव दोषही आता स्पष्ट झाले आहेत. पात्राला टोप आणि बकलाचे जोडे चढवायचे, पण विचार आजचे द्यायचे. शवविच्छेदनाचा प्रसंग हुकमी घालायचा. संशोधन संवादांतून ओतायचे. काळाच्या अज्ञानालाच कथेचा अडसर करण्याचे धाडस थोडेच लेखक दाखवतात.

मराठीत या शतकाची सामग्री विपुल आहे. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ यांसारख्या कादंबऱ्यांनी पेशवाई घराघरांत नेली, पण त्यांचे केंद्र व्यक्ती आणि तिची शोकांतिका हे राहिले. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला आणि दोष खुद्द त्यांचे काका राघोबादादांवर ठेवण्याची वेळ न्यायाधीश रामशास्त्र्यांवर आली. पानिपतच्या लढाईनंतर तिथले मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा माणसाची ओळख पटवायला माणसांच्या साक्षीखेरीज काहीच नव्हते. तपासाचे पदही होते : पुण्याची कोतवाली. १७९१ मध्ये जमावाने ठार केलेला घाशीराम कोतवाल विजय तेंडुलकरांच्या नाटकातून सत्तेचे रूपक म्हणून अजरामर झाला. त्याच कोतवालीच्या चावडीवर बसून, ठसा नाही आणि छायाचित्र नाही अशा अवस्थेत खरे-खोटे निवडणारा कारकून किंवा शिपाई हा मराठी रहस्यकादंबरीला मिळू शकणारा स्वाभाविक नायक आहे.