कुजलेलें मत

वसईच्या उत्तरेस असलेलें आगाशी हें गांव भवानीशंकराच्या देवळाबद्दल आणि सुकेळ्यांबद्दल प्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान व्हावयाचें होतें. त्याच्या आदल्या दिवशीं मी तेथील एका नातलगांच्या ओटीवर बसलों होतों. अंगणांत सोललेलीं राजेळी केळीं उन्हांत मांडलेलीं होतीं. घरधनी हे निवृत्त शिक्षक. नात्यानें माझे काका, परंतु सारें गांव त्यांना आप्पा म्हणतें. जूनमध्यें लोकसभेचा निकाल लागला तेव्हां त्यांची बाजू देशांत हरली होती. ती बाजू कोणती, हा येथें प्रश्न नाहीं. उद्यां मतदानास जाणार ना, असें मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "देशांत जें व्हायचें तें होऊन गेलें. आतां मी कोणाला दिलें काय आणि न दिलें काय! कुजलेलेंच मत तें."

त्यांची सून केळीं उलटीत होती. तिनें मान वर न करतांच विचारलें, "बाजू हरली म्हणून मत कसें कुजेल, आप्पा? मत तर तुमचें आहे ना?"

आप्पांनीं उत्तर दिलें नाहीं. मला मात्र त्या दोघांच्या बोलण्यांत आपल्या वाङ्मयानें फारशी न सोडविलेली एक गांठ दिसली, आणि तिचा विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. इंग्रजींत माणसाच्या मनांतील अभिप्रायास एक शब्द आहे आणि मतपेटींत पडणाऱ्या कागदास दुसरा. मराठींत दोहोंनाही मत असेंच म्हणतात. "माझें मत असें आहे" आणि "माझें मत अमक्याला आहे" हीं दोन वाक्यें आपण एकाच श्वासांत बोलतों. ही शब्दाची गरिबी नव्हे. यांत एक मागणी दडलेली आहे. पेटींतलें मत हें मनांतल्या मतासारखेंच असलें पाहिजे, निदान त्याच्याशीं प्रतारणा करणारें नसावें, अशी ती मागणी होय. आप्पा मत या शब्दाचा अर्थ केवळ संख्या असा करीत होते. सून त्याचा अर्थ अभिप्राय असा करीत होती. संख्या निकालानंतर निरुपयोगी होऊं शकते. परंतु जो अभिप्राय काल खरा वाटत होता, तो आज केवळ थोडक्यांचा ठरला म्हणून खोटा कसा होईल?

मत "कुजणें" हा शब्दप्रयोगही आप्पांचा स्वतःचा नव्हे. त्याला इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत कांहीं मतदारसंघ दुहेरी होते: एक जागा सर्वसाधारण व एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं, आणि तीं दोन निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाचीं होतीं. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही कागद एकाच पेटींत टाकले, तर त्यांतला एक बाद होई. म्हणजे आपल्या माणसास एक मत देऊन दुसऱ्याचें बळ कमी करावयाचें असेल, तर दुसरा कागद असा बाद करून टाकतां येत असे. यालाच "मत कुजविणें" हें नांव पडलें. शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा आहे आणि फार नेमका आहे. न दिलेलें मत घरींच राहतें. कुजविलेलें मत हातानें नेऊन नासविलेलें असतें.

उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघांत राखीव जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवादी पक्षाशीं युति होती आणि सर्वसाधारण जागेसाठीं अशोक मेहता हे त्यांचे सहउमेदवार होते. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनीं आंबेडकरांचा सुमारें साडेचौदा हजार मतांनीं पराभव केला. त्या मतदारसंघांत बाद झालेलीं मतें ७०,००० हून अधिक होतीं. सर्वसाधारण जागेचे दुसरे एक उमेदवार कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूनें मतें कुजविण्याचा प्रचार झाला, असा आंबेडकर व मेहता यांचा आरोप होता. त्यांनीं निवडणूक-अर्ज केला; तो फेटाळला गेला. आरोप सिद्ध झाला नाहीं हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु पराभवाच्या अंतराच्या कितीतरी पट मतें कोणाच्याही उपयोगीं न पडतां नासून गेलीं, हें आंकडे सांगतात. देशभरांतही फेडरेशनचा पराभवच झाला होता. लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं काँग्रेसला ३६४ मिळाल्या. फेडरेशनला अवघ्या दोन.

यानंतर जें घडलें तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. मे १९५४ मध्यें भंडारा येथें लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तो मतदारसंघही दुहेरीच होता. राखीव जागेसाठीं पुन्हां आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेसाठीं पुन्हां अशोक मेहता, आतां प्रजा समाजवादी पक्षाचे, असे दोघे उभे होते. आपल्या मतदारांनीं पहिलें मत बाबासाहेबांस द्यावें आणि दुसरें कुजवावें, म्हणजे त्यांचा विजय सोपा होईल, असा हिशेब कांहीं कार्यकर्त्यांनीं मांडला. सहकाऱ्यांच्या आठवणींत हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. ज्या शस्त्रानें आपण दोन वर्षांपूर्वीं जखमी झालों असें ज्यांना वाटत होतें, तेंच शस्त्र आतां त्यांच्या हातीं देऊं केलें जात होतें. बाबासाहेबांनीं तें नाकारलें. दोन्ही मतें द्यावयाचीं, एकही कुजवावयाचें नाहीं, असा त्यांचा आग्रह होता. निकाल लागला. मेहता निवडून आले. आंबेडकर सुमारें आठ हजार मतांनीं पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले.

नीतीनें वागल्यास शेवटीं यश मिळतें, असें सांगणारी ही गोष्ट नाहीं. तसें म्हणणारा भंडाऱ्याचा निकाल विसरतो. येथें नीतीनें वागणारा हरला, आणि जी मतें त्यानें कुजूं दिलीं नाहींत, तीं त्याच्या सहकाऱ्याच्या विजयास उपयोगी पडलीं असण्याचा पुष्कळ संभव आहे. शिवाय ही एकाकी वीराचीही गोष्ट नाहीं. आंबेडकरांनीं युति केली होती, आणि तिचा शब्द पाळला. मनःपूर्वक दिलेलें मत म्हणजे सर्वांपासून फटकून दिलेलें मत, हा जो समज आपल्याकडे रूढ आहे, त्याला ही घटना छेद देते.

आतां वाङ्मयाकडे वळूं. इतका नाट्यपूर्ण प्रसंग आपल्या पूर्वसूरींच्या डोळ्यांसमोर घडला असतां, मतदाराच्या मनांतील हें द्वंद्व आपल्या कथाकादंबऱ्यांत किती उतरलें? राजकीय कादंबरी म्हटली कीं अरुण साधूंचें नांव प्रथम आठवतें, आणि तें योग्यच आहे. "मुंबई दिनांक" आणि "सिंहासन" या त्यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांच्या पटकथेनें व जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनानें १९७९ सालीं "सिंहासन" हा चित्रपट निघाला. मुख्यमंत्र्याची खुर्ची, तिच्याकडे डोळा लावून बसलेला अर्थमंत्री, आज इकडे व उद्यां तिकडे मोजले जाणारे आमदार, आणि हें सर्व पाहून अखेर भान हरपणारा बातमीदार दिगू: ही सृष्टि सत्याला इतकी धरून आहे कीं तींतील पात्रें आपल्याला वृत्तपत्रांत पुन्हां पुन्हां भेटतात. साधूंच्या निरीक्षणाला तोड नाहीं. परंतु या सृष्टींत मत हें नेहमीं संख्येच्या रूपानें येतें. किती फुटले, किती राहिले, किती विकत घेतां येतील, हाच तेथील हिशेब. ज्याच्या मतावर हा डोलारा उभा राहिला, तो मतदार पेटीपाशीं एकटा असतांना काय विचार करीत होता, हें दिगूच्या वहींत नाहीं. ही साधूंची चूक नव्हे. त्यांचा विषय सत्ता हा होता. चूक आपली, कीं सत्तेचें चित्र पाहून आपण त्यालाच लोकशाहीचें चित्र समजलों.

दुसऱ्या टोकाला एकाकी सत्यनिष्ठाचें नाटक आहे. "सामना" चित्रपटांतील मास्तर हा त्याचा आपल्याकडील उत्तम नमुना. युरोपांत त्याचा मूळपुरुष इब्सेनच्या १८८२ सालच्या "लोकशत्रु" या नाटकांतील डॉक्टर स्टॉकमन. त्या नाटकाच्या चौथ्या अंकांत भरसभेंत डॉक्टरला लोकशत्रु ठरविण्याचा ठराव येतो, चिठ्ठ्या टाकून मतदान होतें, आणि विरुद्ध पडलेलें एकुलतें एक मत निघतें तें एका दारुड्याचें! प्रेक्षक हंसतात. मलाही पूर्वीं हंसूं आलें होतें. आज वाटतें, कीं येथें इब्सेनसारखा समर्थ नाटककारही एका अडचणीला शरण गेला. स्टॉकमन व्यासपीठावरून गर्जना करतो, म्हणून त्याचें धैर्य दिसतें. परंतु त्या सभेंत एखादा भित्रा, शुद्धीवरचा, लेकुरवाळा गृहस्थ असता, आणि त्यानें कोणास न कळतां विरोधाची चिठ्ठी टाकली असती, तर? तें धैर्य रंगभूमीवर दाखवावयाचें कसें? गुप्त मतदानाला प्रेक्षक नसतो. नाटकाला प्रेक्षकावांचून चालत नाहीं. म्हणून नाटकानें गर्जणारा वीर घेतला आणि चिठ्ठी टाकणारा माणूस दारुड्याच्या वेषांत हंसण्यावारी नेला. कादंबरीला ही अडचण नाहीं. माणसाच्या मनांत शिरण्याची तिला मोकळीक आहे. ज्याची बाजू देशांत हरली आहे, जिंकण्याची आशा नाहीं, कोणी पाहत नाहीं, आणि तरीही जो घरून निघतो, अशा माणसाची कादंबरी मराठींत लिहिली जावी, अशी माझी इच्छा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. सदसद्विवेकाचें मत हा शब्द सत्ताधाऱ्यांनींही वापरला आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. परंतु काँग्रेसच्या सदस्यांस विवेकानुसार मत देण्याची मोकळीक असावी, अशी भूमिका पंतप्रधान इंदिरा गांधींनीं घेतली, आणि वराहगिरि वेंकट गिरि निवडून आले. "आतला आवाज" हे शब्द तेव्हांपासून थट्टेचा विषय झाले. त्याच निवडणुकींत आपले चिंतामणराव देशमुख तिसरे उमेदवार होते. १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावरून ज्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें, तेच हे चिंतामणराव. त्यांना पहिल्या पसंतीचीं १,१२,७६९ मतें मिळालीं. ते बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि तिचा बहुतांश भाग रेड्डींकडे गेला. रेड्डी हरले, ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. आपला माणूस पडल्यावरही मताला बोलतां येतें, हें त्या पद्धतींत नियमानेंच मान्य केलें आहे.

मग खरा विवेक कोणता आणि सोयीचा कोणता? मला एक साधी कसोटी सुचते: त्या मतासाठीं देणाऱ्याला कांहीं किंमत मोजावी लागली कीं त्याला कांहीं मिळालें? भंडाऱ्यास किंमत मोजली गेली. १९६९ मध्यें ज्यांचा आतला आवाज सत्तेच्या आवाजाशीं जुळला, त्यांतले कांहीं प्रामाणिक असतीलही. परंतु त्यांची परीक्षा झाली नाहीं. शिवाय प्रतिनिधि आणि मतदार यांत भेद केला पाहिजे. प्रतिनिधि दुसऱ्यांच्या विश्वासावर निवडून येतो; त्यानें वेगळें मत दिलें तर कारण उघड सांगणें त्याचें कर्तव्य आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षादेशाविरुद्ध सभागृहांत मत देणाराचें सदस्यत्व जाऊं शकतें. विक्रीस निघालेल्या मतांना आळा घालण्याच्या हेतूनें तो निर्बंध आला, परंतु त्यांत मनापासून दिलेलें मतही अडकतें. मतदारावर असा कोणताही पक्षादेश नाहीं. पडद्यामागें तो पूर्ण स्वतंत्र आहे. आणि "माझें मत कुजलेलेंच" असें म्हणून तो आपण होऊन आपल्यावर पक्षादेश काढतो. कोणताच उमेदवार योग्य वाटत नसेल, तर तेंही सांगण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानें झाली आहे. नकार हाही एक अभिप्राय आहे. कुजविणें हा अभिप्राय नव्हे.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें गेले. वेगळाल्या पेट्या गेल्या, कागदही गेले. शब्द मात्र राहिला, आणि तो आगाशीच्या एका ओटीवर, सुकत घातलेल्या केळ्यांसमोर, माझ्या कानांवर पडला. तेथें ज्याची त्याला लाज वाटावी असें कांहीं नव्हतें. हरलेल्या माणसाला थकवा येतोच. बाबासाहेबांनाही भंडाऱ्यास तो आला नसेल असें कोण म्हणेल? फरक एवढाच, कीं थकव्याला त्यांनीं मत मानलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आप्पा पायांत चपला घालून निघाले. सुनेनें कोठें जातां असें विचारलें नाहीं, आणि परत आल्यावर कोणाला दिलें असेंही विचारलें नाहीं. आप्पांनीं हात धुतले, अंगणांत आले, आणि उन्हाची बाजू पाहून केळीं उलटूं लागले.