वेष्टण गाळलेला चुंबक

शाळेत खिळ्याभोवती तार गुंडाळून चुंबक करताना पहिला धडा मिळतो तो वेष्टणाचा. तार उघडी असेल तर प्रवाह वेढे सोडून आडवाटेने पळतो. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी मिळून अणुसंमीलनासाठी घडवलेल्या अतिवाहक चुंबकात मात्र वेढ्यांमधले हे वेष्टण मुद्दाम गाळले आहे. या रचनेतली मला सर्वांत मोहवणारी जागा हीच. वेढ्यांच्या अतिवाहक फितीत प्रवाहाला विरोधच उरत नाही, आणि शून्य विरोधाच्या शेजारी पोलादही रोधक ठरते. कुठे बिघाड झालाच, तर प्रवाहाला बाजूने निघायला वाट मोकळी असते. केवढा विश्वास आहे हा पदार्थाच्या स्वभावावर!

इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा, सुमारे १० टनांचा हा चुंबक. त्यात १६ थर आणि २६७ किलोमीटर फीत. ५ सप्टेंबर २०२१ च्या पहाटे, उणे २५३ अंश सेल्सिअसला, ४०,००० अँपिअर प्रवाहावर त्याने २० टेस्लाचे क्षेत्र गाठले. क्षेत्र दुप्पट झाले की तेवढ्याच आकारमानात संमीलनाची शक्ती सोळापट होऊ शकते, म्हणून या आकड्याचे मोल. पण आकड्याइतकीच मला त्याची चढण आवडते. वेष्टण नसल्यामुळे प्रवाह आधी थोडा आडवा झिरपतो, मग हळूहळू फितीत स्थिरावतो. त्यामुळे घाई करून चालत नाही, विलंबित लयीतच वर जावे लागते. वर पोचल्यावर क्षेत्राचा दाब वातावरणाच्या सुमारे सोळाशेपट होतो, आणि पोलादाने तो मुकाट्याने पेलायचा असतो.

वीस टेस्लाचा हा विक्रम झाल्यावर पुष्कळांनी असा चुंबक जपून ठेवला असता. या मंडळींनी नंतरच्या चाचणीत भरल्या चुंबकाचा वीजपुरवठा अचानक तोडला. अतिवाहकता मोडली, साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडली आणि एका थराचा एक कोपरा वितळला. बाकी चुंबक शाबूत राहिला. अशा प्रसंगी काय होईल, याबद्दल त्यांच्या संगणकी प्रारूपांचे आपसात पटत नव्हते. निवाडा प्रत्यक्ष चुंबकानेच द्यायचा होता. सर्वांत बारकाईने रचलेल्या प्रारूपाने नुकसान कुठे होईल हे जवळजवळ अचूक सांगितले होते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या सहा शोधनिबंधांत विक्रमाबरोबर त्या वितळलेल्या कोपऱ्याचीही हकिकत आहे, आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचतो.