पाच वाक्यांचं पत्र, ६०८ संदर्भ

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलेला प्रत्येक जण आधी विचारतो, "किती रेफरन्स पाहिजेत?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी एक पानभर मजकूर वाचा. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पामेला ल्युंग आणि सहकाऱ्यांनी छापलेला. तो पूर्ण लांबीचा पेपर नाही, संपादकांना लिहिलेलं पत्र आहे. आणि त्याचा विषयही एक पत्रच आहे, त्याच जर्नलमध्ये ३७ वर्षांपूर्वी आलेलं.

ते जुनं पत्र जानेवारी १९८० चं. लिहिणारे बोस्टनचे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. मी पहिल्यांदा पीडीएफ उघडली तेव्हा पुढची पानं कुठे गेली म्हणून खाली स्क्रोल करत बसले होते. पुढे काही नाहीच. पाच वाक्यं, संपलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ जणांच्या नोंदी पाहिल्या, त्यातल्या ११,८८२ जणांना निदान एकदा तरी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलं होतं, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली. औषध किती दिवस दिलं? डोस किती? व्यसन लागलं हे कशावरून ठरवलं? घरी गेल्यावर त्या माणसांचं काय झालं? यातलं काहीही त्यात नाही. लेखकांनी फसवलं असं मात्र म्हणता येणार नाही, कारण निष्कर्षाच्या वाक्यात रुग्णालयातल्या वापराचा उल्लेख स्पष्ट आहे. गोची शीर्षकात आहे. ओपिऑइड घेणाऱ्या रुग्णांत व्यसन क्वचित, एवढंच ते सांगतं. 'रुग्णालय' हा शब्द तिथे गळलाय, आणि घाईतला वाचक शीर्षकावरच थांबतो.

ल्युंग यांच्या गटाने या पत्राचे ६०८ संदर्भ गोळा केले आणि प्रत्येक ठिकाणी ते कशासाठी वापरलंय हे दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासलं. ४३९ ठिकाणी, म्हणजे ७२.२ टक्के वेळा, 'ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून. आणि ४९१ ठिकाणी, म्हणजे ८०.८ टक्के वेळा, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेलंच नाही! त्याच सुमारास त्या जर्नलमध्ये आलेल्या अशा इतर ११ पत्रांच्या संदर्भांचा मध्यक होता ११. १९९५ साली ऑक्सिकॉन्टिन हे औषध आल्यानंतर या पत्राचे संदर्भ बरेच वाढले, हेही त्यांनी दाखवलंय. चार दिवस दवाखान्यात असलेल्या माणसाची आकडेवारी वर्षानुवर्षं पाठदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्याला लावली गेली. अमेरिकेत १९९९ ते २०१७ या काळात ओपिऑइडच्या अतिसेवनाने जवळजवळ ४ लाख माणसं गेली. त्यात बेकायदा ड्रग्जचे बळीही आले.

मला हे काम आवडतं कारण ते नुसतं मोजून थांबत नाही. आपण गुगल स्कॉलरवर पेपरखालचा 'सायटेड बाय'चा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचतो. नाव किती वेळा घेतलं एवढंच तो आकडा सांगतो. पबमेडवर निदान 'लेटर' असा प्रकार लिहिलेला असतो. स्कॉलरच्या यादीत पाच वाक्यांचं पत्र आणि पाच वर्षांची चाचणी एकाखाली एक, अगदी सारखीच दिसतात.

तरी दोन तक्रारी आहेत. मूळ पत्र खरंच कोणी उघडलं आणि कोणी दुसऱ्याच्या पेपरातून रेफरन्स उचलला, हे या मोजणीतून कळत नाही. आपल्यासारख्यांना तर तेच कळायला हवं होतं, कारण (खरं सांगा) आपणही ते करतो. दुसरी तक्रार मोठी आहे. शेवटी ते म्हणतात की या संदर्भांनी ओपिऑइड संकटाला हातभार लावला असं आम्हाला वाटतं. वाटणं रास्त आहे, मलाही तसंच वाटतं. पण त्यांच्या हातात फक्त संदर्भ होते. कुठल्या डॉक्टरने काय वाचून कोणती चिठ्ठी लिहिली, हे त्या माहितीत नाही. तेव्हा उद्या तुम्ही हे पत्र थिसिसमध्ये वापरलंत तर 'ल्युंग यांनी सिद्ध केलं' असं लिहू नका. ते लिहिलंत की पोर्टर-जिकचं जे झालं तेच ल्युंगचं होणार, आणि करणारे तुम्ही.

आणि मूळ पत्र वाचायचं तर जर्नलच्या साइटवर जाऊन वाचा. या तपासणीनंतर, २०१७ मध्येच, संपादकांनी त्यावर सूचना लावली आहे की व्यसन क्वचित लागतं याचा पुरावा म्हणून हे पत्र फार वेळा आणि न तपासता वापरलं गेलंय. एका सीनियरच्या पेनड्राइव्हमधून माझ्याकडे आलेली पीडीएफ त्याआधीची होती. तिच्यावर ती सूचना नव्हती.